यादीत नाही म्हणून

गनर बर्किल हे नाव कामोठ्यात कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. ब्रिटिश फौजेतला हा तोफची. उत्तर प्रदेशात, झाशी जिल्ह्यात त्याची कबर. ही कबर ‘राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक’ म्हणून भारत सरकारच्या यादीत वर्षानुवर्षं होती. मार्च २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं अठरा स्मारकं यादीतून कमी करायचं ठरवलं, त्यांत बर्किलही होता. कबर जागेवर सापडत नव्हती, म्हणून नाव निघालं. तोवर देशाचा कायदा त्या कबरीच्या बाजूनं उभा होता.

आता आपल्या दारातलं पाहू. कामोठ्याहून खाडीपल्याड गेलं की वाघिवलीवाडा लागायचा. तिथल्या डोंगरात कातळात कोरलेल्या गुहा होत्या. गावकरी तिथं केरूमातेची पूजा करत. ही बौद्ध लेणी आहेत, असं आंबेडकरी कार्यकर्ते सांगत होते. ती वाचावीत म्हणून त्यांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली. पण डोंगर विमानतळाच्या हद्दीत आला होता. सपाटीकरणात गाव उठलं, डोंगर उतरला, गुहाही गेल्या. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली.

बर्किल यादीत होता. केरूमाता नव्हती. वारशाचा आपला सगळा कायदा या एका फरकावर उभा आहे आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे.

कायदा वाईट शब्दांत लिहिलेला आहे, असं कुणी समजू नये. १९५८ च्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या केंद्रीय कायद्यात ‘प्राचीन स्मारक’ कशाला म्हणायचं ते नीट सांगितलं आहे. वास्तू, समाधी, गुहा, कातळशिल्प, शिलालेख, एकसंध पाषाण, हे सगळं त्यात येतं. अट एवढीच की ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीनं मोल हवं आणि वय किमान शंभर वर्षं हवं. गुहा हा शब्द कायद्यातच आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा, त्याची घडणही तशीच. म्हणजे वाघिवलीच्या गुहांना यादीत घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती.

मग अडलं कुठं? स्मारक असणं वेगळं आणि ‘संरक्षित’ असणं वेगळं. संरक्षित व्हायला सरकारनं राजपत्रात आधी इरादा जाहीर करावा लागतो. त्याची प्रत स्मारकाजवळ ठळक जागी लावावी लागते. हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. हरकती ऐकून मग अंतिम अधिसूचना निघते. ती निघाली की दगडाला कवच मिळतं: धक्का लावला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती निघाली नाही, तर दोन हजार वर्षांची गुहा आणि काल टाकलेला राडारोडा कायद्याला सारखाच.

देशभरात केंद्राच्या यादीतली स्मारकं साधारण तीन हजार सातशे. त्यांतली महाराष्ट्रातली पावणेतीनशेहून अधिक. राज्याच्या यादीत आणखी पावणेचारशेच्या आसपास. ज्या राज्यात गावागणिक वीरगळ आहे, बारव आहे, डोंगर दिसला की त्यात लेणं आहे, तिथं हा आकडा किती तोकडा आहे, हे वेगळं सांगायला नको.

ही यादी आली कुठून, हे पाहिलं की बर्किलचा उलगडा होतो. १८५० च्या दशकात लाहोर ते मुलतान रेल्वे घालताना हडप्प्याच्या विटा उकरून रुळांखाली खडी म्हणून टाकल्या. एका प्राचीन नगराचा चुरा झाला आणि कुणालाही शिक्षा झाली नाही, कारण शिक्षेचा कायदाच नव्हता. पुढे मुंबई इलाख्यातल्या प्राचीन अवशेषांच्या याद्या जेम्स बर्जेसनं १८८५ मध्ये आणि सुधारून हेन्री कझिन्सनं १८९७ मध्ये छापल्या. १९०४ मध्ये कर्झनच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारकं जतन करण्याचा पहिला मोठा कायदा झाला. या माणसांनी केलेलं काम मी नाकारत नाही. त्यांनी घोड्यावरून, बैलगाडीतून हिंडून मोजमापं घेतली, नकाशे काढले. त्यांच्या नोंदींशिवाय कितीतरी लेण्यांचा आज पत्ताही लागला नसता. पण त्यांची नजर राज्यकर्त्यांची होती. तिला भव्य वास्तू दिसल्या, राजांची थडगी दिसली आणि अर्थातच स्वतःच्या शिपायांच्या कबरी दिसल्या. गावकुसाबाहेरची शेंदूर फासलेली शिळा त्या नजरेला स्मारक वाटली नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण कायदा बदलला, पण ही नजर बदलली नाही. १९०४ च्या यादीतली नावं १९५८ च्या कायद्यात आपोआप संरक्षित म्हणून आली. त्यांत भर पडली, पण ती सावकाश, आणि मुख्यतः मोठ्या वास्तूंची. राज्यघटनेच्या ४९व्या अनुच्छेदानं स्मारकं जपायची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली, तीसुद्धा संसदेनं ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ म्हणून जाहीर केलेल्या स्मारकांपुरती. १९७६ च्या दुरुस्तीनं ५१-क या अनुच्छेदात आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरवलं. केरूमातेचे गावकरी नेमकं हे कर्तव्य बजावत होते. कायद्यानं त्यांना त्यासाठी एकही हत्यार दिलेलं नव्हतं.

आणि यादीत असून तरी काय होतं? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं संसदीय समितीला सांगितलं की ३,६९३ संरक्षित स्मारकांपैकी पन्नास नाहीशी झाली आहेत. चौदा शहरांच्या वाढीत गेली, बारा धरणांच्या पाण्याखाली गेली आणि चोवीस कुठं आहेत तेच कळत नाही. शहरं वाढताना संरक्षित स्मारकं गिळली जातात, तर बिनयादीच्या स्मारकांचं काय होत असेल, हे नवी मुंबईत राहणाऱ्यानं तरी विचारायला नको.

या भागाची गोष्ट आणखी एका जुन्या कायद्याशिवाय पुरी होत नाही. १८९४ चा भूसंपादन कायदा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी पंच्याण्णव गावांच्या जमिनी अधिसूचित झाल्या आणि इंग्रजांनी रेल्वे-कालव्यांसाठी केलेल्या त्याच कायद्यानं कामोठ्याची, जुईची भातखाचरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईला शेतकरी उभे राहिले, पाच जण गोळीबारात गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. भूसंपादनाचा तो कायदा बदलायला २०१३ साल उजाडलं. १९०४ च्या कायद्यात स्मारक सक्तीनं घ्यायचं कलम होतं, ते याच १८९४ च्या कायद्याचा आधार घेत होतं. म्हणजे जमीन घेणारा हात आणि वारसा जपणारा हात एकाच अंगाचे. दोन्हींची धारणा एक: ठरवणार सरकार, आणि गावानं फार तर हरकत नोंदवायची.

नवी मुंबईत हे दोन हात एकमेकांशी कधी बोललेच नाहीत. जमीन घेताना सातबारा तपासला, झाडं मोजली, घरांचं क्षेत्रफळ काढलं. गावात जुनी शिळा कोणती, देवीचं ठाणं कुठलं, विहिरीच्या कठड्यावर काही कोरलंय का, हा रकाना कागदावर कुठं होता? मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीच्या अर्जातही सांस्कृतिक मोलाच्या जागा विचारतात, त्या कायद्यानं संरक्षित असलेल्या. फिरून गाडी यादीवरच येते.

खाडीच्या तोंडाशी घारापुरी आहे. तिथं पारतंत्र्यानं काय केलं, ते प्रत्येक शाळकरी मुलाला दाखवायला हवं. सोळाव्या शतकात मुख्य लेण्याजवळ एक कोरीव शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. वाचणारा तिथं कुणी भेटला नाही आणि पुढे तो हरवला. त्यामुळे एवढं थोर शिल्प कुणी घडवलं, कुणाच्या राज्यात घडलं, याचा लेखी पुरावा आज आपल्या हातात नाही. अभ्यासक शैलीवरून आणि नाण्यांवरून अंदाज बांधतात. बेटाच्या किनाऱ्यावर दगडाचा मोठा हत्ती होता, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना तो आदळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. जवळ जाऊन पाहा, सांधे दिसतात.

१९८७ मध्ये घारापुरीची लेणी जागतिक वारसा झाली. लेण्यांजवळच्या पाटीवर कायदा, कलम, शिक्षा सगळं लिहिलेलं असतं. त्याच बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावं आहेत. त्यांना तारेनं वीज मिळाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण कायद्यातच आलं. शंभर मीटरच्या आत घर असलेल्या माणसाला कौलं बदलायची, भिंत सावरायची तरी परवानगी लागते. हा नियम आवश्यक आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. तो नसता तर लेण्यांच्या तोंडाशी हॉटेलं उभी राहिली असती. पण एकाच खाडीवर वारशाच्या नावानं एका गावाची कौलं अडवायची आणि विकासाच्या नावानं दुसऱ्या गावाचा डोंगर उतरवायचा, यातलं एकही गावाला विचारून झालेलं नाही.

आता परदेशात गेलेल्या वस्तूंकडे वळतो, कारण मथळे त्यांचेच होतात. साताऱ्यात जुलै २०२४ मध्ये वाघनखं आली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून, तीन वर्षांसाठी उसनी. ग्रँट डफ हा साताऱ्याचा रेसिडेंट होता आणि त्याच्याकडून ती विलायतेत गेली. परत का देत नाहीत? १९८३ च्या ब्रिटिश राष्ट्रीय वारसा कायद्यानं त्या संग्रहालयाला वस्तू कायमची देऊन टाकण्याला जवळजवळ बंदी आहे. ब्रिटिश म्युझियमवर अशीच बंदी १९६३ च्या कायद्यानं आहे. नायजेरियातल्या बेनिनच्या राजवाड्यातून १८९७ मध्ये लुटलेली ब्राँझची शिल्पं जर्मनीनं २०२२ पासून परत द्यायला सुरुवात केली, ब्रिटिश म्युझियम मात्र त्याच कायद्याकडे बोट दाखवून बसलं आहे. आणलेल्या मालाचं संरक्षण कसं करावं, हे त्यांना चांगलं कळतं.

आपल्या बाजूला काय आहे? १९७२ चा पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, जो एप्रिल १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं किंवा पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. चांगला कायदा. पण जे त्याआधी, कंपनीच्या आणि राणीच्या अमलात गेलं, त्याच्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. कोहिनूरबद्दल सरकारची अडचण हीच. म्हणून मग पैसे मोजावे लागतात. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली, राज्य सरकारनं ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. तलवार आली याचा मला आनंद आहे. आपलीच वस्तू आपण विकत घ्यावी लागली, हे शल्यही आहे.

त्याच वर्षीची पिप्राव्याची गोष्ट याहून बोलकी. १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या पिप्राव्याच्या स्तूपात विल्यम पेपे या जमीनदार इंग्रजाला बुद्धाच्या अस्थी आणि त्यांच्यासोबतची रत्नं सापडली. सरकारनं १८७८ च्या गुप्तनिधी कायद्याखाली ती ताब्यात घेतली आणि काही वाटा पेपेकडे राहू दिला. मे २०२५ मध्ये ती रत्नं हाँगकाँगच्या लिलावात आली. भारत सरकारनं नोटीस दिली, लिलाव थांबला, आणि अखेर एका भारतीय उद्योगसमूहाच्या मदतीनं जुलैत रत्नं मायदेशी परतली. सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्यानंच वाटून टाकलेला ठेवा परत आणायला एवढी यातायात करावी लागली.

हा १८७८ चा कायदा आजही लागू आहे, आणि रोज कुठं ना कुठं पोकलेन चालणाऱ्या पनवेल तालुक्यात तो माहीत असायला हवा. जमिनीत लपलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर ज्याला सापडलं त्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. दडवलं तर त्याचा हिस्सा सरकारजमा आणि वर एक वर्षापर्यंत कैद. कळवलं आणि सरकारनं वस्तू ठेवून घेतली, तर किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश जास्त रक्कम देण्याची तरतूदही त्यातच आहे. ही दुसरी बाजू मजुराला कुणी सांगत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला खोदकामात मजुरांना सोन्याची नाणी सापडली, त्यांनी ती लपवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी अशी २१६ नाणी जप्त केली. बातमी नाण्यांची झाली. त्या मातीत आणखी काय होतं, कुठल्या थरात होतं, हे ज्ञान तोवर ट्रकमध्ये भरून गेलेलं होतं. कायदा निधीची किंमत मोजतो. निधी ज्या मातीत होता, ती माती त्याच्या खिजगणतीत नाही.

आणि सोनं नसेल, नुसता दगड असेल तर? अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख बघा. शिलाहार केसिदेव राजाच्या काळातला, शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा त्याचा काळ वाचला जातो. सर्वांत जुन्या ज्ञात मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. उभी शिळा आहे ही. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव आणि स्त्रीचं ते उग्र शिल्प, ज्यामुळे अशा शिळांना गधेगाळ म्हणतात. अर्थ असा, की हे दान चंद्र-सूर्य असेतो चालावं आणि जो मोडेल त्याच्या घराण्याला कलंक लागावा. शिळा म्हणजेच तो कायदा. राजपत्र नव्हतं, पण राजाचं शासन, देवाची साक्ष आणि अक्षर न येणाऱ्यालाही कळेल अशी ताकीद, तिन्ही एका दगडावर. मराठीचा हा आद्य ठेवा कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा जिकडेतिकडे अभिनंदनाचे फलक लागले. ज्या दगडांच्या जोरावर मराठीचं वय सिद्ध होतं, ते दगड कुठल्या अवस्थेत आहेत, हे विचारणारा एकही फलक मी पाहिला नाही.

उरणजवळच्या चांजे गावातूनही शिलाहारांचे लेख मिळाले, त्यांतला अपरादित्याचा शके १०६० चा. ते संग्रहालयात पोचले, वाचले गेले, छापले गेले, म्हणून उत्तर कोकणाचा इतिहास लिहिता आला. पनवेल-उरणच्या या पट्ट्यात बाराव्या शतकात जमिनी, बागा, गावं दान होत होती, हे आपल्याला त्या दगडांमुळे कळतं. मिठागरांपलीकडे इथं काही नव्हतं, सगळं सिडकोनंच वसवलं, असं मानणाऱ्या नव्या रहिवाशानं ते लेख एकदा बघावेत.

इच्छा असली की कायदा पळतो, याचंही उदाहरण ताजं आहे. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, प्रतापगड, पन्हाळा, साल्हेर, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आपल्याच जिल्ह्यातला खांदेरी आणि तमिळनाडूतला जिंजी. यांतले आठ केंद्राकडे, चार राज्याकडे. कागदपत्रं झाली, आराखडे झाले, पथकं आली-गेली. हे जमतं. मग बेलापूरच्या किल्ल्यानं काय घोडं मारलंय? सिद्दी, पोर्तुगीज, १७३३ मध्ये चिमाजी आप्पा आणि १८१७ मध्ये इंग्रज, एवढ्या सत्ता पाहिलेला हा किल्ला इमारतींच्या गराड्यात ढासळतो आहे आणि त्याच्या जतनाच्या घोषणा ऐकत एक पिढी मोठी झाली. कर्नाळ्याच्या पक्ष्यांना १९६८ पासून अभयारण्याचं छत्र आहे, तेच जंगल वर चढून गेलं की किल्ल्याच्या दारात कोरलेला मराठी लेख आणि जवळच फारसी लेख आहे. पक्ष्यांसाठी खाली नाका आहे, पावती आहे, पहारा आहे. लेखांपाशी काय आहे, ते एकदा चढून बघा.

दगडाचं तरी नाव घेता येतं. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं, लग्न तीच लावते म्हटलं तरी चालेल. ती गाणी कुठल्याही संरक्षित यादीत बसत नाहीत, कारण १९५८ चा कायदा स्मारक ओळखतो, माणूस ओळखत नाही. अमूर्त वारशाचा युनेस्कोचा २००३ चा करार भारतानं २००५ मध्ये स्वीकारला. त्या कराराचं गावपातळीवर करायचं काम अगदी सोपं आहे: म्हाताऱ्या धवलारणीसमोर बसून तिचं सगळं ध्वनिमुद्रित करायचं, तिला त्याचा सन्मान आणि मोबदला द्यायचा. कामोठ्यात आणि जुईत आज तिच्या जागी डीजे वाजतो. तो वाजू द्या, पण तिला आधी ऐकून घ्या.

लोकांना यादीची भीतीही वाटते, आणि ती खोटी म्हणता येत नाही. देऊळ सरकारी झालं की पूजा बंद होईल, जमीन अडकेल. पूजेपुरतं सांगायचं तर केंद्राच्या कायद्यात संरक्षणाआधीपासून चालत आलेली पूजा चालू ठेवता येते, उलट ते स्थान विटंबनेपासून राखायची जबाबदारी सरकारवर येते. जमिनीचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच मला दिल्लीच्या यादीपेक्षा गावची यादी जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यातच ऐतिहासिक जागा जपण्याची तरतूद करता येते. मुंबईनं १९९५ मध्ये याच अधिनियमाखाली वारसा नियमावली केली. इमारती, विहिरी, चौक, गावठाणं यांना श्रेणी दिल्या. ज्यांना पुरातत्त्व खातं कधी विचारणार नाही, अशी सहाशेच्या वर ठिकाणं त्यामुळे नोंदीत आली. त्या नियमावलीशी बिल्डरांनी झटापट केली, तिला भोकंही पाडली, पण पाडण्याआधी निदान समितीपुढे यावं लागतं. वाघिवलीच्या डोंगराला असं समितीपुढे येणंही मिळालं नाही.

पनवेलला नगरपालिका मिळाली १८५२ मध्ये, देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला आणि कामोठे तिच्यात आलं. महापालिकेनं प्रभागवार वारसा यादी करावी, एवढी मागणी आहे. त्यात जुने वाडे, तळी, गावदेवीची ठाणी, वीरगळ, गधेगाळ, शिरढोणला जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांच्या खुणा, गावठाणातल्या विहिरी, सगळं यावं. प्रत्येक जागेचा फोटो, सर्व्हे नंबर आणि गावात चालत आलेलं नाव. यादी करताना अधिकाऱ्याबरोबर गावातला जुना माणूस असावा. आणि कुठल्याही खोदकामाला परवानगी देण्याआधी ही यादी उघडून पाहणं बंधनकारक करावं.

महापालिकेची वाटही बघायला नको. कामोठ्याच्या, जुईच्या, खांदेश्वरच्या वाचकांनो, तुमच्या सोसायटीच्या मागं, गावठाणाच्या कडेला, खाडीच्या बांधावर एखादा कोरीव दगड असेल तर त्याला हलवू नका, रंग देऊ नका. चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून माप घ्या, जागा लिहून ठेवा, गावातल्या म्हाताऱ्याला त्याचं नाव विचारा. मग दोन अर्ज करा, एक पनवेल महापालिकेला आणि एक मुंबईच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला. दोन्हींवर आवक शिक्का मारून पोच घ्या आणि ती जपून ठेवा. विमानतळाभोवती आता गोदामं, हॉटेलं आणि नवे रस्ते यायचे आहेत. पुढचा डोंगर निघेल तेव्हा ‘आमच्याकडे कसली नोंदच नव्हती’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्यासमोर ती पोच ठेवा.